ज्वलनानंतरच्या वायूंच्या आकारमानावरून हायड्रोकार्बनचे रेणुसूत्र कसे काढायचे

अकरावी-बारावीला आणि जेईईच्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो. अमुक मिली वायुरूप हायड्रोकार्बन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे संयुग), त्यात अमुक मिली ऑक्सिजन, मग ठिणगी, थंड केल्यावर आकारमान इतके, कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावातून) नेल्यावर इतके, रेणुसूत्र सांगा. क्लासमध्ये दोन-तीन सूत्रे फळ्यावर येतात, मुले ती पाठ करतात, आणि प्रश्नात ऑक्सिजनऐवजी हवा आली किंवा तापमान १२० अंश दिले की सगळे कोलमडते. सूत्रे पाठ करण्याची काहीच गरज नाही. एकच गोष्ट नीट समजून घ्यायची: स्फोटानंतरची पहिली घट फक्त हायड्रोजनविषयी बोलते आणि पोटॅशमधली दुसरी घट फक्त कार्बनविषयी.

लिहिण्याच्या सोयीसाठी एक खुलासा. संज्ञा देवनागरीत लिहितो आहे. संज्ञेला चिकटलेला आकडा म्हणजे रेणूतील अणूंची संख्या (सी२एच६ म्हणजे इथेन) आणि आधी सुटा लिहिलेला आकडा म्हणजे रेणूंची संख्या (२ सीओ२ म्हणजे कार्बन डायऑक्साईडचे दोन रेणू).

नळीत नेमके काय घडते

उपकरणाचे नाव युडिओमीटर. एका बाजूने बंद असलेली, आकारमानाच्या खुणा केलेली काचेची नळी. बंद टोकाजवळ काचेत बसवलेल्या प्लॅटिनमच्या दोन तारा. उघडे टोक पाऱ्यात बुडवलेले. वायू आत घ्यायचा, आकारमान वाचायचे, ऑक्सिजन घालायचा, पुन्हा वाचायचे, तारांमध्ये ठिणगी पाडायची. ठिणगीने बंद भांड्यात वायू पेटवण्याची युक्ती अलेस्सांद्रो व्होल्टाची. याच व्होल्टाने १७७६ मध्ये माजोरे सरोवराकाठच्या चिखलातून वर येणारा ज्वालाग्राही वायू गोळा केला होता, म्हणजे आपला मिथेन.

पाण्याऐवजी पारा का? कारण १५ अंश सेल्सिअसला पाणी जवळजवळ स्वतःच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साईड विरघळवून घेते. जो वायू मोजायचा तोच पाण्यात गेला तर कार्बनचा हिशेब बुडाला.

हा प्रयोग घरी करायचा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. शुद्ध ऑक्सिजन आणि ज्वलनशील वायू बंद काचेत पेटवणे म्हणजे स्फोटच, आणि पाऱ्याची वाफ विषारी असते. आपल्याला कागदावरचा प्रयोग पुरेसा आहे.

स्फोटानंतर नळी थंड होते. झालेली पाण्याची वाफ द्रवरूप होऊन काचेवर दवासारखी बसते. १८ ग्रॅम वाफ खोलीच्या तापमानाला वायुरूपातच राहिली असती तर तिने साधारण २४ लिटर जागा घेतली असती. पाणी झाल्यावर ती १८ मिलीत मावते. तेराशे पटींहून अधिक फरक, म्हणून पाण्याचे आकारमान शून्य धरतात. ही सवलत पुढे एके ठिकाणी आपल्याला महाग पडणार आहे, ते लक्षात असू द्या.

उरलेल्या वायूत कॉस्टिक पोटॅशचा द्राव सोडला की तो कार्बन डायऑक्साईड शोषून घेतो. मग उरतो जादाचा ऑक्सिजन, आणि हवा वापरली असेल तर नायट्रोजनही. ऑक्सिजन काढायचा असेल तर अल्कलीयुक्त पायरोगॅलॉल वापरतात. क्रम महत्त्वाचा आहे, कारण अल्कलीयुक्त पायरोगॅलॉल कार्बन डायऑक्साईडही शोषतो. पोटॅश आधी, पायरोगॅलॉल नंतर.

आकारमानावरून रेणू मोजता का येतात

हुम्बोल्ट आणि गे-ल्युसॅक यांनी १८०५ मध्ये युडिओमीटरने दाखवले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन आकारमानाने २ : १ या प्रमाणात संयोग पावतात. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने हे सर्व वायूंसाठी नियम म्हणून मांडले, आणि १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने त्यामागचे कारण सुचवले: तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. म्हणजे १० मिली इथेनमध्ये जितके रेणू, तितकेच १० मिली ऑक्सिजनमध्ये. मग समीकरणातले सहगुणक थेट मिली म्हणून वाचता येतात. सगळी पद्धत याच्यावर उभी आहे.

हे गृहीतक नसेल तर काय होते ते डाल्टनकडे बघून कळते. त्याच्याजवळ आकडे उत्तम होते: दलदल वायूच्या, म्हणजे मिथेनच्या, एका आकारमानाला दोन आकारमाने ऑक्सिजन लागतो आणि एक आकारमान कार्बन डायऑक्साईड मिळतो, ओलेफिअंट वायूला, म्हणजे आजच्या इथिलीनला, तीन लागतात आणि दोन मिळतात. पण गे-ल्युसॅकचा नियम त्याने मानला नाही आणि पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरला. त्यामुळे दलदल वायूत त्याला एका कार्बनमागे दोन हायड्रोजन दिसले, इथिलीनमध्ये एकामागे एक. तेच आकडे आज कुठलाही विद्यार्थी दोन ओळींत सीएच४ आणि सी२एच४ पर्यंत नेतो.

समीकरण मांडू या

हायड्रोकार्बनच्या रेणूत कार्बनचे क्ष अणू आणि हायड्रोजनचे य अणू आहेत असे समजा.

सी(क्ष)एच(य) + (क्ष + य/४) ओ२ → क्ष सीओ२ + (य/२) एच२ओ

ऑक्सिजनचा सहगुणक पाठ करू नका, मोजा. क्ष कार्बनना क्ष रेणू ऑक्सिजन लागतो. य हायड्रोजनपासून पाण्याचे य/२ रेणू होतात, त्यांना ऑक्सिजनचे य/२ अणू म्हणजे य/४ रेणू लागतात.

आता हायड्रोकार्बनचे आकारमान व मिली धरा. वायूंचा जमाखर्च असा होतो. खर्ची पडले: हायड्रोकार्बन व, ऑक्सिजन व(क्ष + य/४). जमा झाले: कार्बन डायऑक्साईड व × क्ष. पाणी शून्य. तेव्हा स्फोट होऊन नळी थंड झाल्यावरची घट:

व + व(क्ष + य/४) − व × क्ष = व(१ + य/४)

क्ष उडून गेला. कार्बन जळताना जितका ऑक्सिजन घेतो तितकाच कार्बन डायऑक्साईड परत देतो, म्हणून आकारमानाच्या हिशेबात तो तटस्थ राहतो. घट होते ती हायड्रोकार्बन स्वतः नाहीसा झाल्यामुळे आणि हायड्रोजनने खाल्लेल्या ऑक्सिजनमुळे. म्हणून:

पहिली घट ÷ व = १ + य/४
पोटॅशमधली घट ÷ व = क्ष

नळीत ऑक्सिजन किती जादा होता, सोबत नायट्रोजन होता की नाही, याने दोन्ही ओळींत काही फरक पडत नाही. अट एकच, ऑक्सिजन पुरेसा असावा.

पहिले उदाहरण, सावकाश

१६ मिली वायुरूप हायड्रोकार्बन ८० मिली ऑक्सिजनमध्ये मिसळून पेटवला. थंड केल्यावर आकारमान ५६ मिली झाले आणि कॉस्टिक पोटॅशनंतर २४ मिली उरले.

आधी एका ओळीत तिन्ही वाचने लिहून काढा: ९६ → ५६ → २४. ९६ प्रश्नात दिलेले नाही, १६ आणि ८० ची बेरीज करून आणायचे. अनेकजण इथेच ८० मधून ५६ वजा करतात आणि मग उत्तर काही केल्या जुळत नाही. प्रश्न वाचतानाही डोळे उघडे ठेवा: ‘५६ मिली झाले’ आणि ‘५६ मिलीने घटले’ यांत सगळा फरक आहे.

पहिली घट ९६ − ५६ = ४०. भागिले १६, म्हणजे २.५. त्यातून १ वजा केला की १.५, त्याची चौपट ६. य = ६.

दुसरी घट ५६ − २४ = ३२. भागिले १६, म्हणजे २. क्ष = २.

रेणुसूत्र सी२एच६, इथेन.

आता ताळा. उरलेले २४ मिली म्हणजे जादाचा ऑक्सिजन, म्हणजे वापरलेला ५६ मिली. एका आकारमानामागे ५६ ÷ १६ = ३.५. सूत्रावरून क्ष + य/४ = २ + १.५ = ३.५. जुळले. मात्र या ताळ्यावर फार विसंबू नका. ऑक्सिजनचा आकडा आधीच्या वाचनांतूनच आलेला असतो, त्यामुळे तो फक्त आकडेमोडीतली चूक पकडतो. वाचनच चुकीचे असेल तर ताळाही आनंदाने जुळतो.

त्यापेक्षा रसायनशास्त्राचे ताळे कामाचे. य सम संख्या असली पाहिजे, कारण विषम हायड्रोजनचा स्थिर हायड्रोकार्बन नसतो. य कधीही २क्ष + २ च्या वर जात नाही. आणि पदार्थ खोलीच्या तापमानाला वायू आहे असे म्हटले असेल तर क्ष साधारण ४ पर्यंतच असतो; साधे पेंटेन ३६ अंशांना उकळते. याला निओपेंटेन अपवाद आहे, ते सुमारे साडेनऊ अंशांनाच वायू होते. उत्तर सी७एच१६ आले आणि प्रश्नात ‘वायू’ लिहिले असेल तर मागे फिरा.

ऑक्सिजनऐवजी हवा

१० मिली हायड्रोकार्बन ३०० मिली हवेत जाळला. थंड केल्यावर २८५ मिली, पोटॅशनंतर २५५ मिली, पायरोगॅलॉलनंतर २३७ मिली.

वाचने: ३१० → २८५ → २५५ → २३७.

पहिली घट २५, भागिले १० म्हणजे २.५, य = ६. दुसरी घट ३०, क्ष = ३. सी३एच६. झाले. हवेत ऑक्सिजन किती हे विचारावेसुद्धा लागले नाही.

आता जो ऑक्सिजनवरून जातो त्याचे काय होते ते बघा. पायरोगॅलॉलने १८ मिली शोषले, म्हणजे तेवढा ऑक्सिजन उरला. हवेत २० टक्के ऑक्सिजन धरला तर सुरुवातीला ६० मिली, वापरलेला ४२, म्हणजे ४.२ = ३ + य/४ आणि य = ४.८. निरर्थक उत्तर. २१ टक्के धरले की ६३ − १८ = ४५ आणि य बरोबर ६ येतो. परीक्षेत बऱ्याचदा २० टक्के धरा असे सांगितलेले असते, तेव्हा आकडेही त्याच हिशेबाने बसवलेले असतात. पण जिथे निवड तुमच्या हाती आहे तिथे पहिल्या घटीवरूनच जा.

पायरोगॅलॉलचे वाचन मात्र वाया जात नाही. त्यात काही ऑक्सिजन शोषला गेला याचाच अर्थ ऑक्सिजन कमी पडला नव्हता. तिथे घट शून्य आली तर शंका घ्यायची: ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साईड झाला असेल, किंवा मूळ वायूच शिल्लक राहिला असेल. मग वरची दोन्ही समीकरणे लागू नाहीत.

वाफ वाफच राहिली तर

१०० अंशांच्या वर सगळी वाचने घेतली तर पाणीही वायू म्हणून मोजले जाते. जमाखर्चात जमेच्या बाजूला व × य/२ वाढवा. एकूण बदल होतो व(य/४ − १). य ४ पेक्षा मोठा असेल तर आकारमान वाढते, ४ असेल तर तसेच राहते, लहान असेल तर घटते. मिथेन, इथिलीन आणि प्रोपाइन जळून जातात आणि आकारमान हलत नाही.

२० मिली वायू आणि १५० मिली ऑक्सिजन; १२० अंशांना, त्याच दाबाला, १७० चे १८० मिली झाले. वाढ १०, भागिले २० म्हणजे ०.५, य/४ = १.५, य = ६. सर्व आकारमाने त्याच तापमान-दाबाला मोजली आहेत असे धरून पाणी काढून टाकल्यावर १२० मिली उरले, पोटॅशनंतर ४०. पाणी ६० मिली, म्हणजे एका आकारमानामागे ३ = य/२; य = ६ हे दुसऱ्या वाटेनेही पक्के झाले. क्ष = ८० ÷ २० = ४. सी४एच६.

इथे पाणी आधी काढायचे, पोटॅश नंतर. कॉस्टिक पोटॅश ओलावाही खेचून घेतो. क्रम उलटा केला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साईड एकाच घटीत मिसळतात.

सी४एच६ म्हणजे नेमके काय? कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाईन असेल किंवा ब्युटाइन असेल. आधीच्या उदाहरणातला सी३एच६ प्रोपीन असेल किंवा सायक्लोप्रोपेन. अणू किती ते ही पद्धत सांगते, ते कसे जोडले आहेत ते नाही.

ही पद्धत फसते कुठे

बहुतेक नोट्समध्ये हा भाग नसतो, पण खरी गंमत इथे आहे.

डायमिथिल ईथर घ्या, सी२एच६ओ. हाही खोलीच्या तापमानाला वायूच. १० मिली जाळायला ३० मिली ऑक्सिजन लागतो, २० मिली कार्बन डायऑक्साईड मिळतो, पाणी काचेवर बसते. पहिली घट २०, दुसरी घट २०. आता १० मिली इथिलीन जाळा: ३० लागतो, २० मिळतो, पहिली घट २०, दुसरी घट २०. थंड नळीला हे दोन वायू वेगळे दिसतच नाहीत. कारण सी२एच६ओ म्हणजे हिशेबापुरते सी२एच४ अधिक एच२ओ, आणि पाण्याला आपण शून्य किंमत दिली आहे. रेणूत पाण्याचे हवे तितके रेणू ‘लपवा’, थंड नळी ओळखणार नाही. म्हणून पदार्थ हायड्रोकार्बन आहे हे आधी माहीत असावे लागते. प्रश्नातला तो शब्द म्हणजे आकड्यांइतकीच महत्त्वाची माहिती आहे. खात्री नसेल तर वाफेसकट मोजा. १२० अंशांना इथिलीनच्या ज्वलनात आकारमान बदलत नाही; ईथरच्या ज्वलनात खर्च १ + ३ = ४ आणि जमा २ + ३ = ५, म्हणजे ते वाढते. किंवा घनता मोजा, रेणुभार २८ की ४६ हे लगेच कळेल.

दुसरा सापळा मिश्रणांचा. घरच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. समजा अशा २० मिली मिश्रणाने पहिली घट ६३ आणि दुसरी ६६ मिली दिली. क्ष = ३.३. अपूर्णांक आला म्हणून गणित चुकले असे समजू नका. ही सरासरी आहे. ३ आणि ४ च्या मध्ये ३.३, म्हणजे ७० टक्के प्रोपेन आणि ३० टक्के ब्युटेन. पहिली घट ६३ ÷ २० = ३.१५, त्यावरून य = ८.६, आणि २ × ३.३ + २ सुद्धा ८.६. म्हणजे दोन्ही घटक अल्केनच (य = २क्ष + २ असलेले हायड्रोकार्बन) आहेत हेही पटले.

पण पूर्णांक आला म्हणून पदार्थ शुद्ध, असे उलट म्हणता येत नाही. इथेन आणि ब्युटेन समसमान मिसळा; सरासरी क्ष = ३, य = ८, नळी सरळ ‘प्रोपेन’ म्हणते. घनताही मदतीला येत नाही, कारण ३० आणि ५८ ची सरासरी ४४, तोच प्रोपेनचा रेणुभार. हायड्रोजन आणि इथेन समसमान घेतले तर मिथेन दिसतो. अशा वेळी वायू थंड करून द्रवरूप करणे आणि उत्कलनबिंदूंवरून वेगळे करणे, किंवा आजच्या काळात गॅस क्रोमॅटोग्राफी, याला पर्याय नाही.

प्रत्यक्ष प्रयोगात आणखी काही बारीक बाबी असतात. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटर असतो, म्हणजे ७६० पैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वायू सुरुवातीला कोरडा घेतला आणि नंतर ओला मोजला तर एवढी तफावत थेट उत्तरात शिरते. सुरुवातीपासून ओलाच मोजला तर गुणोत्तरे शाबूत राहतात. परीक्षेतल्या गणितात हे सगळे दुर्लक्षित असते.

दोन गणिते सोडवून बघा

पहिले सोपे. १५ मिली वायू आणि ६० मिली ऑक्सिजन. स्फोटानंतर थंड केल्यावर ५२.५ मिली, पोटॅशनंतर २२.५ मिली. वाचने ७५ → ५२.५ → २२.५. पहिली घट २२.५, भागिले १५ म्हणजे १.५, य = २. दुसरी घट ३०, क्ष = २. ॲसिटिलीन.

दुसऱ्यात हायड्रोकार्बनचे आकारमानच दिलेले नाही. एक अल्केन जादा ऑक्सिजनमध्ये जाळला. पहिली घट ४२ मिली, पोटॅशमधली घट ४८ मिली. अल्केन म्हणून य = २क्ष + २ आणि १ + य/४ = (क्ष + ३)/२. म्हणजे व(क्ष + ३) = ८४ आणि व × क्ष = ४८. वजाबाकी केली की ३व = ३६, व = १२, क्ष = ४. ब्युटेन.

याच गणितातला ‘अल्केन’ शब्द खोडून तिथे ‘हायड्रोकार्बन’ लिहिला तरी उत्तर बदलत नाही. दोन समीकरणांतून व काढून टाकला की य = ३.५क्ष − ४ उरते. य २क्ष + २ च्या आत ठेवायचा तर क्ष ४ च्या पुढे जाऊ शकत नाही. क्ष = १ ला य ऋण, २ ला ३ म्हणजे विषम, ३ ला ६.५. उरतो क्ष = ४, य = १०.